हाकेचा रकाना

ये गो तृप्ते, अशी इकडे जवळ बस. फोनवर बसतेस तशी नको, की कान आत्याकडे आणि बोटं भलत्याच बटणांवर. मला टकटक ऐकू येते हो! तू "हं, हं, बोल ना आत्या" म्हणतेस आणि मला कळतं, की ही तिकडे कुणाला तरी मेल लिहितेय. किती दिवाळ्या झाल्या तुला शहापूरला येऊन? तुझा बाप शेणव्यात घरी एकटा चिवडा खातो आणि मला फोन करून विचारतो, "ताई, पोरीला पुण्यात काय बांधून ठेवलंय का गो?"

वाचकहो, तुम्ही दचकू नका. तृप्ती ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. संपादकांनी मला सांगितलं, की बाई, तुमच्या कामाचे अनुभव लिहा. आता मला समोर कुणी नसलं की बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून ती पुण्यात असली तरी मनातल्या मनात तिला समोर बसवलीय. तुम्ही बाजूच्या खाटेवर बसा नि ऐका.

तर तृप्ते, गेल्या वेळी फोनवर तू जे बोललीस ना, ते मला अजून टोचतंय. तू सांगत होतीस, की तुमची कंपनी माणसांची नावं नोंदवायचा मोठा प्रोग्राम करतेय. मी विचारलं, एकाच नावाची दोन माणसं आली तर? तू हसलीस. म्हणालीस, "आत्या, ती एज केस झाली. बहुतेकांचं नीट चाललं की झालं. एखाददुसरा कडेला राहतो, त्याला इलाज नाही."

मी फोन ठेवला. तुला वाटलं रेंज गेली. रेंज नाही गेली. माझं डोकं फिरलं होतं.

आता ऐक. मी काही कॉलेजातून शिकून आले नाही. लग्न होऊन शहापुरात आले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि ज्या क्लासात शिकले तिथेच शिकवायला लागले. नव्वदच्या दशकात क्लासच्या मालकांनी कॉम्प्युटर आणला. नारळ फोडला, पडद्यावर हळदकुंकू लावलं, ते पुसताना काच कायमची पिवळी झाली. खोलीत चपला घालून जायला बंदी. धूळ गेली की कॉम्प्युटरला व्हायरस होतो, असं मालकांचं मत होतं. उंदराला मात्र हे कुणी सांगितलं नाही. तो डब्याच्या मागच्या फटीतून आत शिरला, वायरी कुरतडल्या आणि भाताच्या तुसांचं छान अंथरूण करून राहिला. पावसाळ्यात फ्लॉपींना बुरशी धरायची, म्हणून मी त्या घरी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. तुझे काका तांदूळ उकरताना फ्लॉपी हाताला लागली की ओरडायचे, "अगं, आज काय रांधायचं, हे का?"

मालकांना वापरता येईना, म्हणून ते यंत्र माझ्या वाट्याला आलं. बरोबर फॉक्सप्रोचं, म्हणजे नोंदी ठेवायचे प्रोग्राम लिहायच्या भाषेचं, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मांडीवर शब्दकोश घेऊन मी ते वाचलं. अर्धं कळलं नाही. जे कळलं नाही ते करून बघितलं. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. ती रेघ मला आवडायची. 'बोल, काय म्हणतेस' अशी वाट बघत थांबलेली असायची. आताची साधनं वाट बघत नाहीत. आपण तोंड उघडायच्या आत 'हे हवं का, ते हवं का' विचारतात आणि आपल्याला हवं असलेलं नेमकं नसतं.

प्रोग्राम लिहिणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला मी असं सांगते. भातलावणीला आलेल्या मजुराच्या हातात आवण, म्हणजे भाताची रोपं देऊन आपण सांगतो, "आवण लावत सरळ जा." बांध आला की तो थांबतो. त्याला सांगावं लागत नाही. मशीन थांबणार नाही. बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात, तिथून रस्त्यावर, रस्त्यावरून कुणाच्या ओटीवर आवण लावत जाईल. म्हणून बांध आपण सांगायचे, एकूण एक. आणि बांध कुठे आहेत ते माहीत असायला त्या शेतात उभं राहावं लागतं. खुर्चीत बसून बांध दिसत नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एक सरपंच आले, म्हणाले, "बाई, सव्वीस जानेवारीचं भाषण काढून द्या." मी म्हटलं, द्या कागद, टाइप करते. तर म्हणतात, "कागद कशाला? एवढा हुशार कॉम्प्युटर हाय, त्याला सांगा ना शहापूर तालुक्यावर दोन शब्द बोल म्हणून." एका बाईंना सुनेची पत्रिका कॉम्प्युटरवर काढायची होती, कारण भटजी पैसे घेऊन खोटं सांगेल, कॉम्प्युटर कशाला सांगेल? मी हसायचे. आता हसू येत नाही. कॉम्प्युटर खोटं सांगत नाही, हे त्या बाईंनी म्हटलं तर भाबडेपणा. तेच शिकलेल्या साहेबांनी म्हटलं की त्याचा नियम होतो.

आपल्या भागात एका संस्थेची मुलींची वसतिगृहं होती. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत. पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकायच्या. त्यांच्या नोंदींचा प्रोग्राम मी लिहिला. माझं पहिलं मोठं काम. मुरबाडच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या भोईरबाई. आवाज असा, की अंगणात बोलल्या तर एसटी स्टँडवरचा कंडक्टर वळून बघेल. नोंदी भरायला मी त्यांच्याकडे गेले आणि पहिल्याच दिवशी अडले.

"बाई," मी म्हटलं, "यातल्या निम्म्या मुली एक जूनला कशा जन्मल्या?"

भोईरबाई खो खो हसल्या. "गो, मे महिन्यात लगीनं होतात ना आपल्याकडं, मंग हिशोब फेब्रुवारीत यायला पायजे व्हता. जूनला कशा गो येतील? ह्या सगळ्या पोरी गुरुजींनी जन्माला घातल्यात!"

म्हणजे असं, की पाड्यावर जन्माची नोंद कोण करणार? पोर शाळेत आली की गुरुजी तिच्याकडे बघतात, दात बघतात, उंची बघतात, सहा पुरी झाली असं धरतात आणि एक जून लिहून मोकळे होतात. शाळा जूनमध्ये लागते, म्हणजे वय बरोबर बसतं. गुरुजींनी कुणाचं वाईट केलं नाही. त्याशिवाय ते पोर वर्गातच बसलं नसतं.

नावाचीही तीच तऱ्हा. ठाकर आदिवासींच्या पाड्यांवर पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव. सोमी, मंगळी, बुधी, शुकरी. मला हे फार आवडतं. आपण गणपतीच्या देवळापासून इंटरनेटपर्यंत नाव शोधत हिंडतो, त्यांच्याकडे पोर आपलं नाव घेऊनच येतं. पण वार सात आणि पोरं पुष्कळ. बापांचीही नावं काळू, बाळू, गोमा अशीच ठरावीक. एका पाड्याचं आडनाव बहुधा एकच. म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, सगळं तंतोतंत सारखं असलेल्या दोन जिवंत मुली माझ्यासमोर उभ्या राहू शकतात. आणि राहिल्या.

बुधी काळू आगिवले. आणि बुधी काळू आगिवले.

माळशेजच्या अंगाला डोंगराखालच्या पाड्यावरच्या. नात्यातल्या, पण बाप वेगळे, आई वेगळी. मी त्यांना विचारलं, "तुमच्या आया तुम्हाला हाक कशी मारतात गो? दोघी धावत येत असाल."

एक म्हणाली, "मी टेपाची बुधी." टेप म्हणजे उंचवटा. तिचं घर उंचावर.

दुसरी म्हणाली, "मी व्हळाची." तिचं घर ओढ्याच्या काठी. आणि लगेच, "बाई, ही बुटकी हाय, मी उंच हाय. उंचावर ती ऱ्हाते, तरी उंच मीच हाय." दोघी एकमेकींना चिमटे काढत हसत सुटल्या.

मी त्या दिवशी प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं 'हाक'. त्यात काहीही लिहायची मुभा होती. टेपाची. व्हळाची. भुवईवर व्रण. आजोळी वाढलेली. जिला घरात जशी हाक मारतात तशी. तृप्ते, तुमच्या पुस्तकांत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण तो रकाना होता तोवर एकीचं दुसरीच्या नावावर कधी गेलं नाही. भोईरबाई म्हणायच्या, "ह्या डब्यात एकच खिडकी हाय बघ, जिच्यातून माणूस दिसतं."

त्या दोघी तिथे दहावीपर्यंत वाढल्या. व्हळाच्या बुधीचं अक्षर मोत्यासारखं. तिला नर्स व्हायचं होतं. तिची धाकटी बहीण तापाने गेली, तेव्हा डोली करून खाली रस्त्यापर्यंत नेताना ही डोलीबरोबर चालत होती. तिने मला ते एकदाच सांगितलं, कोरड्या आवाजात. "खाली पोचलो तवा दवाखाना उघडा व्हता, बाई. सुई द्याया कोण नव्हतं." म्हणून नर्स.

दोन हजार साल उलटल्यावर संस्थेला वाटलं, आता सगळं नवं करावं. शहरातली एक कंपनी आली. त्यांचा माणूस नितीन, गळ्यात ओळखपत्र, खिशात दोन मोबाइल. पोरगा वाईट नव्हता बरं का. गोड बोलायचा, चहाला नको म्हणायचा नाही. मला 'मॅडम' म्हणायचा आणि माझ्या प्रोग्रामला 'तुमचं ते जुनं'. संस्थेचे सचिव तर सभेत म्हणाले, "आता आपण कॉम्प्युटराइज्ड होतोय." मी उठून विचारलं, "मग एवढी वर्षं मी काय पाटीवर लिहीत होते?" सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आधी मराठीचं वाटोळं झालं. आमचा फॉन्ट वेगळा, त्यांचा वेगळा. तेव्हा प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरं आपापल्या खुंटीला बांधलेली. एकीकडचं दुसरीकडे नेलं की 'आगिवले'च्या जागी कंस, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं. आपली भाषा गं, आणि कुलूप त्यांचं! मी बसून नावं पुन्हा टाइप केली. राग गिळून केली, कारण नावं बिचाऱ्या मुलींची होती.

मग नितीनने हाकेचा रकाना बघितला. "मॅडम, हे काय? हा तर कचरा डेटा आहे. फ्री टेक्स्ट. सिस्टीमला याचं काही करता येत नाही."

मी म्हटलं, "सिस्टीमला नसेल. माणसाला येतं."

"आपल्याकडे डुप्लिकेट काढायचा स्टँडर्ड नियम आहे. नाव, वडील, आडनाव, गाव, जन्मतारीख. पाच गोष्टी जुळल्या की तो एकच माणूस."

मी त्याला गुरुजी सांगितले, एक जून सांगितला, वार सांगितले, दोन बुध्या सांगितल्या. त्याने मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. आणि जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे, पण अशा केसेस किती असणार?"

हेच. अगदी हेच म्हणणं तुझं, तृप्ते. सूरही तोच. म्हणून मी फोन ठेवला.

नियम कशासाठी होता तेही सांगते, नाहीतर तू म्हणशील आत्या एकांगी बोलते. काही ठिकाणी खोट्या मुली दाखवून अनुदान लाटायचे. तेच नाव या वसतिगृहात आणि त्याही वसतिगृहात. ते पकडायला हा नियम. हेतू चांगला होता. चोर पकडायला जाळं टाकलं, आणि जाळ्यात आली व्हळाची बुधी.

दहावी झाली. दोघी पास. मुरबाडला अकरावीला नाव घातलं, वरच्या वर्गांच्या वसतिगृहात अर्ज केला. दोघींचा पाडा इतका आत, की पावसात रोज येऊन-जाऊन कॉलेज करायचं म्हणजे विचारच सोडा. वसतिगृहात जागा म्हणजे शिक्षण. जागा नाही म्हणजे घर, आणि घर म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात लग्न. हे त्या दोघींनाही ठाऊक होतं, भोईरबाईंनाही आणि मलाही.

भोईरबाईंचा फोन आला. आवाज बसलेला. "बाई, तुमी या. बुध्या दोन हायेत आनि मशिनीत एकच हाय."

मी किन्हवलीवरून एसटीने मुरबाडला गेले. व्हरांड्यात दोघी आपापल्या ट्रंकेवर बसलेल्या, मध्ये चिवड्याची पुडी. नितीन आत होता. मशीनने दोघींची एक करून टाकली होती. फोटो टेपाचीचा, मार्क व्हळाचीचे, कारण ते जास्त. आणि रिकामी झालेली जागा आपोआप पुढच्या नंबराच्या मुलीला दिलेली. ती मुलगी येऊन राहिलीही होती, बापाने कर्ज काढून पेटी घेऊन दिलेली. तिला कसं घालवायचं?

मी म्हटलं, "नितीन, बाहेर ये. ही एक. ही दोन. मोज."

"मॅडम, मला दिसतंय. पण सिस्टीममध्ये एन्ट्री एकच आहे."

"मग सिस्टीमला बाहेर आण आणि दाखव!"

"जागा लॉक झाल्यात. मला वरून परवानगी नाही." मग त्याला एक युक्ती सुचली. चेहरा उजळला त्याचा. "आपण हिची जन्मतारीख दोन जून करू या का? म्हणजे पुढच्या फेरीत तरी ती वेगळी दिसेल."

मी म्हटलं, तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. उद्या नर्सिंगला गेली की तिथलं मशीन म्हणेल, दाखला खोटा. मग तो म्हणाला, नाव बदलता येईल का, थोडंसं? बुधीच्या ऐवजी काहीतरी... चांगलं?

व्हळाच्या बुधीची आई तिथेच उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, "साहेब, माझी पोर बुधवारची हाय. तिला गुरवारची कशी करू?"

नितीनला कळलंच नाही. तो माझ्याकडे बघून हसला, म्हणजे काय ही माणसं, असं. त्या हसण्याचा राग मला आज हे लिहितानाही येतोय. तो त्या बाईंना हसला म्हणून तर आलाच, पण त्याने गृहीत धरलं, की मी त्याच्या बाजूने हसेन. कॉम्प्युटर येतो ना मला, म्हणजे मी त्याच्यातली!

मी सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, एका मुलीसाठी सगळी प्रक्रिया थांबवता येत नाही." मी वर अर्ज पाठवला. उत्तर आलं, की यंत्रणेत सदर नावाच्या विद्यार्थिनीस प्रवेश देण्यात आलेला आहे. बघ की. खोटं एक अक्षर नाही त्यात.

मी बुधीच्या बापाला म्हटलं, पोरीला माझ्याकडे शहापूरला ठेवा, मी तिकडच्या कॉलेजात नाव घालते. काळूदादा हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी चांगल्या हाव. पन वयात आलेली पोर लोकाच्या घरी नाय ठेवीत आमी. होस्टेलात बाई हाय, कुंपन हाय. लोक मला काय म्हनतील?"

मग त्या दोन पोरींनी काय केलं ते ऐक. टेपाची बुधी भोईरबाईंकडे गेली नि म्हणाली, "बाई, मशिनीला एक बुधी पायजे ना? मंग एकच ऱ्हाऊ आमी. एक हप्ता ही, एक हप्ता मी."

भोईरबाई मला सांगताना रडत होत्या आणि हसत होत्या. "मी म्हनलं, मला काय ठावं नाय. मी म्हातारी झाले, मला दोगी सारख्याच दिसतात."

आणि खरंच तसं चाललं. एक ट्रंक दोघींची. एक अंथरूण. एक आठवडा एकीने कॉलेज करायचं, टिपणं काढायची. दुसरीने पाड्यावर आईबरोबर लावणी करायची. मग अदलाबदल. वळणावर जिथे एसटी थांबते, तिथे दोघी भेटायच्या. एक उतरायची, एक चढायची, टिपणं हातात द्यायची. हजेरीत 'बुधी काळू आगिवले' रोज हजर. महिन्याच्या महिन्याला माहिती वर जायची. कुणी विचारलं नाही. फोटोतली मुलगी बुटकी आणि समोरची उंच, तरी कुणी विचारलं नाही. बोगस मुली पकडायला आणलेल्या त्या मशीनच्या पोटात दोन मुली एका नावावर नांदत होत्या आणि मशीन खूश होतं. कारण त्याला हवा होता तसा हिशोब लागत होता!

मला वाटलं, निभेल. दोन वर्षं निभवतील या पोरी.

श्रावणात पाऊस असा लागला, की पाड्याकडचा पूल पाण्याखाली गेला. व्हळाच्या बुधीची वसतिगृहाची पाळी होती, तिला निघता आलं नाही. तिचा आठवडा गेला, पुढचाही गेला. टेपाची एकटीच राहिली, रोज वळणाच्या एसटीपर्यंत जाऊन परत यायची. पाणी उतरल्यावर व्हळाची आली, पण राहायला नाही. आपलं पांघरूण न्यायला आली. म्हणाली, "बाई, अर्ध्या अर्ध्यानं दोगीबी नापास होऊ. तिला तरी पुरी शिकू द्या."

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. टेपाची बुधी पुढे शिकली, नर्स झाली. नर्स व्हायचं स्वप्न तिचं नव्हतं. तिला शिवणक्लास काढायचा होता. ती मला म्हणाली, "बाई, दोगींच्या वाटचं एकीला मिळालं, तर मंग तिचंच काम करायला नको का?" आज ती एका आरोग्य केंद्रात सुया देते. चांगली देते, मुलं रडत नाहीत म्हणतात.

पुढच्या साली नितीनचा फोन आला. आनंदात होता. "मॅडम, नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक मुलीला वेगळा नंबर दिलाय! आता असं पुन्हा कधीच होणार नाही. तुमच्या त्या केसमुळेच सुचलं." मी म्हटलं, छान केलंस बाळा. खरंच छान होतं ते, मी नाकारत नाही. पण त्याने एकदाही विचारलं नाही, की ती मुलगी कुठे आहे. प्रोग्रामचं व्हर्जन बदलतं. बिघडलं ते मागे ठेवून पुढचा आकडा लावता येतो. बुधीचं दुसरं व्हर्जन कोण काढणार?

आणि तू म्हणतेस कडेला राहतो. कुणाच्या कडेला गो? त्या व्हळाच्या काठावर उभी राहा एकदा. समोर डोंगर, मागे भाताची खाचरं, मध्ये तुझे पाय. तिथून बघितलं तर पुणंच कडेला दिसतं.

मला तुझा राग नाही, असं म्हणणार होते. पण आहे. कारण तू शेणव्याची. तुझ्या आज्जीच्या दाखल्यावरसुद्धा एक जूनच होता. नितीनला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. माहीत असून मशीनसारखं बोललीस. मी एवढी वर्षं पडद्यासमोर बसले, चष्म्याचे नंबर वाढवले, ते यासाठी, की आमच्यातली एखादी पोर त्या खुर्चीत बसेल तेव्हा बांध कुठे आहेत हे तिला सांगावं लागणार नाही.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला एवढी बडबड केली. परवा बाजाराच्या दिवशी व्हळाची बुधी माझ्याकडे आली. तिला घरी पाणी पाजलं. कमरेला झोळीत तिची दुसरी पोर. गोल गोल गालांची, तुझ्यासारखं नाक वर करून झोपलेली. मी विचारलं, नाव काय ठेवलंस?

बुधी म्हणाली, "ठेवलं नाय अजून. शुक्रवारची हाय. घरात सगळी शुकरी म्हनतात, पन मी म्हनू देत नाय." मग तिने झोळी सावरली. "बाई, तुमाला मशिनीतलं कळतं. असं एखादं नाव सांगा ना, जे तिला चालंल. म्हंजे हिची जागा जायाची नाय."

तक्रार नव्हती गं तिच्या आवाजात. दुकानात आपण विचारतो ना, की यातलं टिकाऊ कुठलं, तशी विचारत होती. मी आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं.

बाहेर येऊन म्हटलं, "माझी भाची पुण्यात हीच मशिनं करते. ती येईल, तीच तुला सांगेल."

तेव्हा तृप्ते, तू ये. रजा मिळत नाही, रिलीज आहे, काय ते सांगू नकोस. फोनवरही नको सांगूस तिला. माझ्याबरोबर पाड्यावर चल, व्हळाच्या काठी तिच्या घरी बस, ती देईल तो कोरा चहा पी आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हण, की ठेव गो तुला हवं ते नाव, मशीनचं आम्ही बघतो. आणि मग परत जाऊन ते बघ.

पण लवकर ये. तू येईपर्यंत नाव ठेवायचं नाही असं तिने ठरवलंय, आणि तोवर त्या घरात तिला नुसती 'पोर' म्हणून हाक मारतायत.